रुसव्यातली फटफटी

रविवार, ७ एप्रिल १९५७

सगळ्यात आधी शेजारची शालूबाई आली. यायचीच! अजून मी फटफटीवरचा कडबा पुरता उचललाही नव्हता, तर ही बाई कुंपणापाशी हजर. कमरेवर घागर, घागर रिकामी. म्हणजे विहिरीचं निमित्त. "काय वं माय, म्हातारपनी हे काय खूळ?" मी म्हटलं, दुरुस्त कराची हाय. तर हसता हसता तिची घागरच खाली पडली.

तिच्यामागून भैय्याजी खाती. त्याले मीच बोलावलं होतं. गावातलं लोखंडाचं काम तोच करते, गाड्यांचं लाकूडही तोच. त्यानं फटफटीभोवती दोन चकरा मारल्या, जसा बैल विकत घ्यायचा हाय. दात पाहायचे तेवढे राहिले! म्हणे, "बाई, हिच्या आतलं मले समजत नाई. बाहेरून म्हनान ते ठोकून देईन." मी म्हटलं, मले तेवढंच पाहिजे.

गादीखाली उंदराचं घर निघालं. दिव्याच्या खोबणीत कोंबडीचं अंडं — ताजं! सुनेनं, अन्नपूर्णानं, ते उचलून पदरात घेतलं. "आत्याबाई, बसल्या बसल्या हिनं काही तरी देलं."

मनोहर ओसरीवरून पाहत होता. माझा लेक. उठला अन् वांग्याच्या वाफ्यात पाणी सोडायले गेला. भर दुपारी वांग्याले पाणी! शेतकऱ्याचं पोर ना तू?

सोमवार, ८ एप्रिल

आज पाठ दुखते, म्हणून बसून लिहिणं. अक्षर यांनीच शिकवलं मले, मनोहरच्या बाबांनी, चुलीपुढं राखेत बोटानं. म्हणून माझ्या लिहिण्यात राख जास्त, शाळा कमी.

फटफटी यांचीच. हे वर्ध्याले कापसाच्या जिनात होते. जिनातला साहेब विलायतेले निघाला तेव्हा घेतली. तेव्हाच ती म्हातारी होती! टाकीवर इंग्रजी अक्षरं, अर्धी पुसलेली. सासूबाई म्हणाल्या, घरात दुसरी बायको आणली. आणलीच होती. तिचं नहाणं-धुणं माझ्याआधी व्हायचं.

पंचफुलाचं लग्न झालं हिंगणीच्या हरिदाससंगं. पंगतीत नवरदेव रुसते, रीतच हाय. घड्याळ मागावं, अंगठी मागावी, सासऱ्यानं हसत हो म्हणावं, मग त्यानं घास उचलावा. हा पठ्ठा काय मागते? फटफटी! सगळा मांडव माना वळवून पाहायले लागला. अन् हे म्हणाले — "देली!" काय टाळ्या पडल्या! दिव्याचं काम राहिलं हाय, दिवाळीले घेऊन जा म्हणाले. दिवाळीच्या आधी हेच गेले.

तेरवीच्या दिवशी हरिदास गुरांच्या कोठ्यात जाऊन फटफटीवरची धूळ पुसून राह्यला होता, आपल्या धोतराच्या सोग्यानं. मी समोरून पाहिलं — त्याचे डोळे वाहत होते. मनोहरनं पाठीमागून पाहिलं. "बापाची राख निवली नाई, अन् हे गाडी पाहाले आले!" हरिदासनं ऐकलं. वाढलेलं पान तसंच सोडून निघाला. पंचफुला मागं मागं.

त्याले आठ वर्षं झाली. मनोहर म्हणते, त्यानं मागितली तर देईन. हरिदास म्हणते, देलेली वस्तू पुन्हा मागू काऊन? अन् माझी लेक म्हणते, दादा आणाले आला तर येईन. बरोबर हाय तिचं. माहेरी न्यायले भावानंच जावं. बाळंतपणही सासरीच झालं. नातीचं नाव कांता. मी तिले एकदाच पाहिलं, घोराडच्या यात्रेत, गर्दीपलीकडं, कोणाच्या तरी खांद्यावर.

मले फटफटी चालवायची नाई. मले माझी लेक उंबऱ्यात पाहिजे.

हरिदास हिंगणीले पिठाच्या गिरणीचं इंजन चालवते. इंजनाचा वेडा! त्याच्या कानावर जाऊ दे, की त्याच्या फटफटीले गावचा खाती हातोडा मारून राह्यला. मग पाहू, कसा बसते घरी. शालूबाईचं माहेर हिंगणीच हाय. माझं सगळं ठरलं हाय!

गुरुवार, ११ एप्रिल

भैय्याजीले बजावलं, इंजनाले हात लावजो नको. हा जुना फाळ घे, फटफटीजवळ बस अन् ठोक. जोरानं ठोक.

"बाई, फाळ त सरळच हाय."

"मग वाकडा कर. अन् पुन्हा सरळ कर."

दिवसभर ठणठण. म्हशीनं दूध चोरलं. शालूबाई दोनदा येऊन पाहून गेली. उद्या ती भावाकडं बारशाले चालली, हिंगणीले. मी तिच्या पदरात गुळाचा खडा टाकला. "तिकडं कोनाले सांगजो नको वं, आमी फटफटी ठोकून राह्यलो म्हनून." नाई सांगत म्हणाली. म्हणजे सांगितलंच समजा.

रविवार, १४ एप्रिल

आला!!

सायकलीवर आला, एवढ्या उन्हात. कुंपणाबाहेर उभा. कानावर पांढरे केस दिसले — आपल्या डोळ्यापुढं नवरदेवच असते ना पोरगा. "मामीजी, इंजनावर कोनं मारला हातोडा?" रामराम नाई, काही नाई! मी म्हटलं, कोणी नाई मारला. "आख्ख्या हिंगणीत बोंब हाय!"

सरळ कोठ्यात गेला. इंजनावरून हात फिरवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर फिरवावा तसा. मग खाली बसला, तो दिवस कलेपर्यंत. पेट्रोल जिथून जाते ती वाटी खोलून कोंबडीच्या पिसानं साफ केली. मी गडू घेऊन गेली तर म्हणे, तहान नाई. अन् जाताना विहिरीवर ओंजळीनं घटाघटा प्याला! विहीर काय दुसऱ्याची हाय?

उंबऱ्याच्या आत आला नाई. मनोहरही बाहेर निघाला नाई. पण अन्नपूर्णा सांगत होती, आतून खिडकीची फळी किलकिली होती म्हणे.

पुढच्या रविवारी येतो म्हणाला.

बुधवार, १७ एप्रिल

दुकानात राकेल आणायले गेली. नया पैसा अन् जुना पैसा करता करता दुकानदार मेटाकुटीले आला. अर्ध्या बाटलीत फटफटी पुसायची हाय अन् कंदीलही पेटवायचा हाय. नवीन काही घ्यायचं नाई, मनातल्या मनात शपथच घेतली. वांग्यावर चालते घर. फटफटी पण वांग्यावरच चालन.

रविवार, २१ एप्रिल

फजिती झाली माझी. साखळी गंजली होती, म्हणून मी तिले आठ दिवस जवसाच्या तेलात भिजू घातली. कालच काढून उन्हात ठेवली. घरचं घाणीचं तेल, चांगलं अंगभर! हरिदासनं उचलली तर साखळी काठीसारखी उभी! वाकेच ना. जवसाचं तेल सुकलं की डिंक होते — हे मले माहीत नाई असं नाई, खिडकीच्या फळ्यांना काय मी दुसरं लावते? पण साखळीपुढं अक्कल गेली.

तो पाहत राहिला. मी पाहत राहिली. अन् मग हसला बाप्पा! खो खो हसला, टाकीले धरून. "मामीजी, जवस रंगात घाला. साखळीले गाडीचं वंगन."

आठ वर्षांनंतर त्याचं हसू ऐकलं. एक साखळी गेली तर जाऊ दे! (गेली नाई. राकेलात उकलली.)

शुक्रवार, २६ एप्रिल

सकाळी कोठ्यात गेली तर भिंतीले एक टायर टेकलेलं. जुनंच, पण धड. कोणी ठेवलं? मनोहर काल वांगी घेऊन वर्ध्याच्या बाजारात गेलता. मी म्हटलं, मनोहर, टायर कुठून आलं रे? तो म्हणे, "कोनतं टायर?"

अन् सांभाराच्या हिरव्या जुड्या बांधत बसला. कान लाल!

रविवार, २८ एप्रिल

आज मनोहर कोठ्यात आला. म्हशीले वैरण टाकायले. म्हशीपुढं वैरण होतीच.

आता दोघं एका फटफटीच्या दोन बाजूले. मध्ये हातभर जागा. अन् बोलणं कसं?

"माय, त्याईले सांग, मागचं चाक वाकडं हाय."

"मामीजी, त्याईले सांगा, दिसून राह्यलं मले."

"माय, त्याईले सांग, पाना उलटा धरला."

"मामीजी, त्याईले सांगा, पाना कसा धराचा ते मले माहीत हाय."

मी काय टपालाची पेटी हाय? पण खरं सांगायचं तर एवढं गोड टपाल मी जन्मात वाटलं नाई.

ठिणगी पडत नाई म्हणे. ठिणगी पाडणाऱ्या यंत्रात ओल गेली. म्याग्नेट त्याचं नाव. हरिदास म्हणाला, उन्हात चांगलं खडखडीत वाळलं पाहिजे, नवं घ्यायची गोष्टच नको. ऊन! वर्ध्याचं वैशाखाचं ऊन! ते तर फुकट हाय अन् उरलं तर वाटून द्यावं एवढं हाय.

मंगळवार, ३० एप्रिल

बाजेवर कुरडया, सांडगे अन् मध्ये म्याग्नेट. कावळ्यानं कुरडई नेली, म्याग्नेट सोडलं. समज हाय त्याले.

गुरुवार, २ मे, अखजी (अक्षय तृतीया)

पितरांचं पान वाढलं. यांच्या पानावर आंब्याचा रस जास्त वाढला, सुनेनं पाहिलं अन् रसाचं भांडं माझ्याजवळ सरकवलं. गुणाची हाय.

एकदा मले फटफटीवर मागं बसवून वर्ध्याले नेलं होतं. नऊवारीचा काष्टा घट्ट, पदर दातात धरलेला, अन् डोळे मिटलेले. डोळे उघड म्हणत, सगळे तुलेच पाहून राह्यले. मी म्हटलं, म्हणूनच मिटले! रेल्वेच्या फाटकापाशी थांबावं लागलं तेव्हा टांग्यातल्या बाया माझ्याकडं वाकून वाकून पाहत होत्या. एकीनं तर तोंडात बोट घातलं. तेव्हा मरणाची लाज वाटली. आता वाटते, डोळे उघडे ठेवायले पाहिजे होते. सगळा रस्ता पाहायचा राहिला.

रविवार, ५ मे

म्याग्नेट बसवलं. हरिदासनं लाथ मारली. काही नाई. पुन्हा. काही नाई. लाथा मारून मारून पोरगा घामाघूम. भैय्याजी म्हणाला, एक हातोडा... त्याले गप्प केलं.

मी हताश होऊन भाजी चिरायले आत आली. बाहेर मनोहरचा आवाज. या वेळी माझं नावच घेतलं नाई, फटफटीलेच सांगत होता जसं — "बाबा पहिले डाव्या अंगानं कलती करत. पेट्रोल ओघळलं की सरळ करून मंग लात मारत."

अन् मग —

फट्. फट्. फटफटफटफट!

मी उठली. पदर डोक्यावर घेतला, गडू भरला अन् दाराशी गेली. का गेली? वर्ध्याहून हे आले की असाच आवाज चिंचेपाशी यायचा अन् मी अशीच उठायची. पाय आपोआप गेले. दारात उभी राहिल्यावर कळलं, की कोणी आलेलं नाई. धूर होता नुसता. अन् धुरात ते दोघं, माझ्याकडं पाहत.

कोणी हसलं नाई. मनोहरनं तोंड फिरवलं. हरिदास पुढं आला, माझ्या हातातला गडू घेतला अन् पाणी प्याला. घरातलं पाणी! दारातच, पण प्याला.

सोमवार, ६ मे

झोपेतून उठली ती एकच विचार घेऊन. फटफटी सुरू झाली. आता हरिदास येईन कशाले? मनोहर तर काही "न्या" म्हणाला नाई. शहाणपणा करायले गेली अन् काम संपवून बसली!

रविवार, १२ मे

बरं झालं, पाना विसरला म्हणून आला. (पाना मीच कडब्यात टाकला होता.)

मी सांगून टाकलं, अजून पुरी झाली नाई. मले बसायले जागा पाहिजे. मागं बसणं आता होत नाई. कोठ्यामागं आपली रेंगी पडली हाय, बैलांची लहान गाडी, धुरा मोडलेली. तिची बसायची पेटी बाजूनं लावून द्या.

"मामीजी! फटफटीले रेंगी?"

मनोहर म्हणाला, येडेपणा हाय. अन् स्वतःच गेला रेंगी ओढून काढायले. हरिदासनं कोळशानं जमिनीवर चित्र काढलं. मनोहरनं पायानं एक रेघ पुसली अन् दुसरी ओढली. हरिदासनं ती राहू दिली.

तिसरं चाक सायकलरिक्षाचं, मोडीतलं. गादीत घरचा कापूस, वर बैलाची जुनी झूल. रंगाले काय करावं? पोळ्याले शिंगं रंगवतो तो हिंगूळ उरला होता. जवसाच्या तेलात घोटला — या वेळी बरोबर जागी! टाकी अशी लाल झाली, की म्हशीनं मान वळवली.

रविवार, १९ मे

भैय्याजीनं मले विचारलं होतं, पेटी कोणत्या अंगाले? मी म्हटलं, हे काय विचारणं झालं, उजव्या! देवाले उजवा हात, पाहुण्याले उजवा हात, वडीलधाऱ्याले उजवीकडं बसवते मानूस. त्यानं ठोकून दिली पक्की.

हरिदास आला अन् कपाळाले हात. "मामीजी, आपन रस्त्याच्या डाव्या अंगानं जातो. समोरून मोटार आली त पहिले तुमीच तिच्या तोंडात!"

भैय्याजी रागावला. "बैलगाडीले असं काई नसते. बैल मधात अन् मानूस मधात."

सगळे बोल्ट काढले. पुन्हा डाव्या अंगाले लावायची. मी तोंड वाकडं करून दाखवलं, पण आतून — एक रविवार वाढला!

रविवार, २६ मे

आज चालवून पाहायची होती. मी नवं लुगडं नेसली. हरिदास म्हणे, "मामीजी, तुमचं वजन चिमनीएवढं. पहिल्या चकरेले जड मानूस पाहिजे, नाई त पेटी उलटन."

सगळे मनोहरकडं पाहायले लागले. अन्नपूर्णा म्हणाली, "बसा ना! गावात जड म्हटलं की तुमीच."

बसला! गुडघे हनुवटीले, डोक्याले दुपट्टा, झुलीवर मांडी आवळून. गेले दोघं. मारोतीपर्यंत जाऊन आले, मागं गावभरची कुत्री. दोघांची मान सरळ, जसे फोटो काढायले बसले. उतरल्यावर मी विचारलं, काही बोलले का रे? "त्या आवाजात काय बोलाव!" मनोहर म्हणाला. पण जेवताना एकदम म्हणे, "वळनावर तो बाबांसारखाच हळू करते."

मग सांगत का नाई त्याले? हरिदास जायच्या आधी फडक्यानं हात पुसत उभा होता. किती वेळ पुसत होता! हात कवाचेच साफ झालते. एक शब्द पाहिजे होता. "न्या." मनोहर वांग्याचं पोतं शिवत होता. सुई थांबली होती त्याची, मी पाहिलं. शब्द नाई निघाला.

हरिदास सायकलीवर बसला.

आता मिरग येईन. पेरण्या लागल्या की कोणाचा रविवार अन् कोणाचा सोमवार. पुढच्या रविवारी एकदा बोल्ट आवळून देतो म्हणाला. मग झालं.

शुक्रवार, ३१ मे

शालूबाई पुन्हा हिंगणीले जाऊन आली. पंचफुलानं तिले चुलीपाशी बसवून खोदून खोदून विचारलं, त्या दोघांत बोलणं झालं का? शालूबाई म्हणे, मी खरं ते सांगितलं — फटफटी बोलते, ते दोघं नाई बोलत.

काही म्हणाली का मग? भाकर थापत राहिली म्हणे.

रविवार, २ जून

पंचफुला आली.

एकटी. कोणी आणायले गेलं नाई! हरिदास पहाटेच सायकलीवर निघाला, अन् ही कांताले घेऊन मोटारीत बसली — सेलूले मोटार बदलली, वर्ध्याले बदलली, अन् फाट्यापासून पायी. हरिदास फटफटीखाली, मनोहर पाना धरून उभा. ही अंगणात येऊन म्हणते, "दादा, हे माहे मालक. तुमची दोघांची वळख नसन, म्हनून करून देतो."

मनोहरच्या हातातला पाना पडला. "या," म्हणाला. हरिदासले म्हणाला! "घरात या. जेवाले चला." हरिदासनं उंबऱ्यात पाय धुतले.

संध्याकाळी हरिदास, पंचफुला अन् कांता तिघंही फटफटीवर हिंगणीले गेले. न्या म्हणायचं मनोहर विसरला, अन् मागायचं हरिदास विसरला. कांता पेटीत, माझ्या जागेवर. मनोहर चिंचेपर्यंत मागं चालत गेला. म्हणे, पोळ्याले मी येईन आणाले. पंचफुला म्हणाली, "काऊन? मले आता रस्ता पाठ झाला."

पोळा पंचवीस ऑगस्टले हाय. रविवार!